हळदीची, सोड्याची आणि चपलेची गोष्ट: मुलांच्या रसायन-पेटीचं परीक्षण

कोल्हापुरात महाद्वार रोडवर आणि राजारामपुरीत शालेय साहित्याच्या दुकानांत एक पिवळी पेटी मिळते. आत सहा गोष्टींच्या सहा घडीपुस्तिका, साहित्याच्या पुड्या, व्हिनेगरची १०० मिलीची बाटली, दोन ड्रॉपर, एक मोजचमचा, गाळणकागदाच्या चकत्या आणि एक फुगा. किंमत ६५० रुपये. झाकणावर वय छापलंय ‘४ वर्षांपुढे’. गोष्ट ऐकायची, गोष्टीत जे घडतं ते वाटीत करून बघायचं आणि तेवढ्यातून रसायनशास्त्राची पहिली ओळख व्हावी, अशी कल्पना.

निकाल आधीच सांगतो: पेटी घ्यावी. पण एक पुडी काढून टाकावी, तीन गोष्टींची मापं बदलावीत आणि वय ४ ऐवजी ५ ते ८ धरावं, तेही मोठं माणूस शेजारी बसलेलं असेल तरच. गोष्टी उत्तम आहेत. मापं मात्र बऱ्याच ठिकाणी चुकली आहेत, आणि या वयाच्या मुलासाठी ही बारीकसारीक चूक नाही. गोष्टीत ‘हळद लालेलाल झाली’ असं वाचलं आणि वाटीत मळकट नारिंगी पाणी दिसलं, की मूल आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. ‘झालं ना लाल?’ असं आपण विचारतो आणि ते मान हलवतं. ही सवय एकदा लागली की पुढे दहावीपर्यंत प्रयोगवहीत ‘अपेक्षित’ उत्तरं लिहिली जातात. म्हणून प्रत्येक गोष्टीला आम्ही एकच कसोटी लावली: गोष्टीतलं वळण वाटीत स्पष्ट दिसतं का?

आधी भाषेबद्दल, कारण पेटीची खरी कमाई तिथे आहे. सगळ्या गोष्टी एक आजी सांगते आणि ती कोल्हापूरची आहे. ‘मी सांगतो, तू ऐक,’ अशी तिची सुरुवात. आपल्याकडच्या बायका ‘मी जातो, मी करतो’ म्हणतात तसंच छापलंय, कुणी ते ‘शुद्ध’ करायला गेलेलं नाही. मुलाला हा आवाज घरचा वाटतो. आम्ल, आम्लारी, दर्शक, द्रावण हे शब्द गोष्टीत नाहीत. पुस्तिकेच्या मागच्या पानावर, मोठ्यांसाठी, बारीक अक्षरात आहेत. हे अगदी बरोबर केलंय. सहा वर्षांच्या मुलाला ‘आंबट मंडळी’ आणि ‘बुळबुळीत मंडळी’ एवढी विभागणी पुरते. फक्त वाचताना एक वाक्य आपल्या पदरचं घालावं लागतं: आंबट की बुळबुळीत हे चाखून ठरवायचं नाही, हळदीला विचारायचं.

पहिली गोष्ट त्या हळदीचीच. हळद शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाते. मिठाकडे गेली, काही झालं नाही. लिंबाकडे गेली, तरी पिवळीच. मग सोड्याकडे गेली आणि लाजून लाल झाली. पेटीची कृती अशी: अर्धा चमचा हळद ५० मिली पाण्यात कालवा, त्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाका. इथे दोन चुका आहेत. हळदीतला रंग, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे पाणी गढूळ पिवळं दिसतं आणि हळद तळाशी बसते. दुसरी मोठी. खाण्याच्या सोड्याचं पाणी जेमतेम आम्लारी असतं, त्याचा पीएच साधारण ८.३ (पीएच ७ म्हणजे ना आंबट ना बुळबुळीत, त्याच्या वर बुळबुळीत मंडळी). हळदीचा रंग बदलायला नेमकी तिथेच सुरुवात होते. म्हणून लाल होत नाही, फिकट नारिंगी होतो, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तोही नीट कळत नाही.

उपाय सोपा. चमचाभर हळदीत थोडं पाणी घालून पेस्ट करा, गाळणकागदावर बोटाने चोळा आणि कागद पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर वरची पूड झटकून टाका. आता खाण्याच्या सोड्याऐवजी कपड्याच्या साबणाची वडी ओली करून तिचं दाट पाणी ड्रॉपरने कागदावर सोडा. ठिपका पडल्यापडल्या विटकरी लाल होतो. कुणालाही विचारावं लागत नाही. मग त्याच लाल ठिपक्यावर लिंबाचा थेंब. रंग परत पिवळा. पेटीतली गोष्ट लाल रंगावर संपते, पण खरी गंमत या परत येण्यात आहे. इथे पुस्तिका मिटून मुलाच्या हातात दोन्ही ड्रॉपर द्यावेत आणि गप्प बसावं. लाल, पिवळा, लाल, पिवळा करत मूल दहा मिनिटं तिथून हलत नाही. त्या दहा मिनिटांत ते जे शिकतं ते पुस्तिकेच्या आठ पानांत नाही: हळद बिघडली नव्हती, ती फक्त शेजारी कोण आहे ते सांगत होती.

याच पुस्तिकेच्या शेवटी अंबाबाईच्या कुंकवाचा उल्लेख आहे. पारंपरिक कुंकू हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून करतात, म्हणून ते लाल. माहिती खरी आहे आणि कोल्हापुरातल्या मुलाला ती लगेच भिडते, कारण देवळाच्या वाटेवर कुंकवाच्या राशी त्याने पाहिलेल्या असतात. पण त्याखाली ‘घरात चुना असेल तर करून पाहा’ असं लिहिलंय. ते वाक्य पेनाने खोडून टाका. पानाचा चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं, दृष्टी कायमची जाऊ शकते. चुन्याची ट्यूब किंवा पुडी दाबताना उडालेला थेंब लहान मुलांच्या बाबतीत नेमका तिथेच जातो, कारण त्यांचा चेहरा हाताच्या अगदी जवळ असतो. साबणाने तेच काम होतं. साबण डोळ्यात गेला तर मूल रडतं, पाण्याने धुतलं की बरं होतं. (चुना चुकून गेलाच तर वाट बघू नका, नळाच्या वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून वीसेक मिनिटं धुवायचा आणि तसंच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.)

कपड्यांवर हळद पडणारच. तो डाग धुण्याआधी दोन दिवस कडक उन्हात टाका. कर्क्युमिन उजेडात विरतं. हीसुद्धा एक गोष्टच आहे, आणि पेटीत ती नाही.

दुसरी गोष्ट ‘न दिसणारा पाहुणा’. सोडा आणि व्हिनेगर भेटतात, फसफसतात आणि पाहुणा फुगा फुगवून दाखवतो. जगभरातल्या सगळ्या संचांत हा प्रयोग असतो आणि बहुतेक संचांत तो अर्धवट होतो. इथेही तसंच. कृतीत एक सपाट चमचा सोडा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, आणि २० मिली व्हिनेगर सांगितलंय. पाच ग्रॅम सोडा पुरता संपवायला ४ टक्क्यांचं व्हिनेगर जवळजवळ ९० मिली लागतं. २० मिलीत सोड्याचा चौथा हिस्साही वापरला जात नाही. बाकीचा तळाशी पांढरा गाळ होऊन बसतो आणि फुगा उभा राहायच्या आधीच मान टाकतो. आम्ही सुचवतो: अर्धा चमचा सोडा आणि ४५ मिली व्हिनेगर. यातून साधारण पाऊण लिटरच्या आसपास वायू निघतो आणि फुगा मोठ्या मोसंब्यापेक्षा जरा मोठा होतो. पेटीतल्या बाटलीत हा प्रयोग दोनदा होईल.

क्रम महत्त्वाचा. व्हिनेगर बाटलीत, सोडा फुग्यात. फुगा आधी दोन-तीनदा तोंडाने फुगवून सैल करून घ्या, नवा फुगा ताठ असतो. फनेल नसेल तर कागदाचा सुळका करा. फुग्याचं तोंड बाटलीच्या गळ्यावर पुरतं चढवा, मग फुगा उचलून सोडा आत झटका. गळ्यापाशी बोटांनी धरून ठेवा, नाहीतर फुगा सुटून व्हिनेगर भिंतीवर. एक गोष्ट कधीही करू नका: बाटलीला बूच किंवा फिरकीचं झाकण लावणं. बाटली फुटते.

व्हिनेगर संपल्यावर लिंबू चालतं. चांगल्या रसाळ लिंबाचा ३० मिली रस सुमारे २ ग्रॅम सोडा संपवतो, म्हणजे अर्ध्या चमच्यापेक्षा थोडा कमी. लिंबाचा फेस जास्त येतो आणि जास्त वेळ टिकतो, त्यामुळे भांडं उंच घ्या.

या गोष्टीच्या शब्दांबद्दल आमची तक्रार आहे. आजी म्हणते, ‘सोड्याला व्हिनेगरचा लई राग आला.’ मुलं हसतात, पण त्यांच्या डोक्यात रागच राहतो. दुसऱ्या दिवशी विचारलं तर ‘त्यांचं भांडण झालं’ एवढंच आठवतं. पाहुणा कुठून आला हा प्रश्न राहून जातो. गोष्टीतल्या पदार्थांना सवयी असाव्यात, रागलोभ नसावेत. ‘हे दोघं भेटले की तिसरा कुणीतरी तयार होतोच’ असं सांगितलं तर मूल पुढच्या वेळी तिसऱ्याला शोधतं. वाचताना एवढं वाक्य बदला.

आणि तो तिसरा दाखवताही येतो. मोठ्या पातेल्यात चमचाभर सोडा आणि ९० मिली व्हिनेगर फसफसू द्या. फेस बसला की पातेलं हळूच तिरपं करा, आतलं पाणी सांडू न देता, खाली पेटलेल्या पणतीवर. काही ओतताना दिसत नाही आणि ज्योत विझते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तो पाण्यासारखा खाली ओघळतो. पणतीचं काम मोठ्यांनीच करायचं, मुलाने हात मागे बांधून बघायचं. आणि त्याआधी पंखा बंद. पंखा चालू ठेवलेला असणं हेच हा प्रयोग फसण्याचं नेहमीचं कारण असतं.

स्वयंपाकघरात डिजिटल काटा असेल तर आणखी एक पायरी जोडा. पातेलं, सोडा आणि वेगळ्या पेल्यात व्हिनेगर, सगळं एकत्र काट्यावर ठेवून आकडा लिहा. मग पातेल्यात ओता, रिकामा पेला परत काट्यावर ठेवा आणि फेस बसल्यावर आकडा बघा. दोनेक ग्रॅम कमी भरतात. पाहुणा निघून गेला आणि जाताना वजन घेऊन गेला. शास्त्रज्ञ मायकल फॅरेडेने १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली, ती सगळी एका मेणबत्तीवर. एकच वस्तू, पण तिला प्रश्न विचारत विचारत तो हवा, पाणी, कोळसा आणि श्वासापर्यंत गेला. या पेटीने सहा गोष्टींसाठी सहा विषय घेतले. ती सोड्यापाशी आणखी थोडी रेंगाळली असती तर बरं झालं असतं.

तिसरी गोष्ट गुऱ्हाळाची. चित्रं सुंदर आहेत: चरक, कढई, उसाची चिपाडं, साच्यातली ढेप. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही मागच्या पानावर आहे. कढईत रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, तो मळी धरून वर आणतो. चुन्याच्या निवळीने रसातला आंबटपणा मारतात. रस ११८ अंशांच्या आसपास पोचला की गूळ उतरवतात, त्याच्या बराच आधी उतरवली तर काकवी. गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघतो, हे तर खास रसायनशास्त्रज्ञाचं काम, आणि पुस्तिकेने ते तसं म्हटलंय. याबद्दल मनापासून दाद.

प्रयोग मात्र गोष्टीच्या तोडीचा नाही. गुळाचं पाणी करा, ताटलीत उन्हात ठेवा, ‘गूळ परत येईल’ असं छापलंय. येत नाही. चिकट थर येतो आणि मुंग्या येतात. गुळातल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे त्याचे खडे सहज बनत नाहीत. त्याऐवजी मीठ घ्या: ५० मिली गरम पाण्यात १० ग्रॅम, स्टीलच्या पसरट ताटलीत, मार्च ते मे दरम्यान गच्चीवर. एक-दोन दिवसांत ताटलीच्या कडेने बारीक चौकोनी खडे दिसतात. भिंग असेल तर हातात द्या. पावसाळ्यात हा प्रयोग करूच नका, आपल्याकडच्या जुलैत ताटली आठवडाभर ओलीच राहते.

गूळ लपाछपीसाठी चांगला. या वयाच्या बहुतेक मुलांना विरघळलं म्हणजे संपलं असं वाटतं. काट्यावर १०० ग्रॅम पाणी आणि कागदावर किसलेला २० ग्रॅम गूळ. ‘विरघळल्यावर किती भरेल?’ असं आधी विचारा आणि मुलाचं उत्तर, चूक असलं तरी, कागदावर लिहून ठेवा. गूळ किसूनच घ्या, खडा टाकलात तर तो विरघळेपर्यंत मुलाचं लक्ष उडतं. ढवळलेला चमचा बाहेर काढताना झटकून घ्या, नाहीतर ग्रॅमभर पाणी चमच्याबरोबर जातं आणि १२०च्या जागी ११९ दिसतात. मग हेच पाणी गाळणकागदातून गाळा: कागदावर माती-चिपाडाचे कण राहतात, गोडवा खाली जातो. लपलेला गूळ कागदालाही सापडत नाही, काट्याला मात्र सापडतो. गूळ तापवायचा प्रयोग मुलांच्या हातात देऊ नका. उकळता पाक पाण्यापेक्षा वाईट भाजतो, कारण तो त्वचेला चिकटून राहतो.

चौथी पुडी काढून टाका. चौथी गोष्ट कापराची आहे, ‘वाटीतून हवेत गेलेला’. कापूर न वितळता उडून जातो हे खरं, पण पेटीत कापराच्या वड्या पारदर्शक पुडीत आहेत आणि शेजारी तशाच पुडीत खडीसाखर. चार-पाच वर्षांच्या मुलाला दोन्ही सारखंच दिसतं. कापूर थोडासा पोटात गेला तरी लहान मुलांना काही मिनिटांत झटके येऊ शकतात. पेटी बनवणाऱ्यांनी हे करायला नको होतं, आणि दुकानदारांनीही पुढच्या पेट्या विकताना ही पुडी काढून ठेवावी. कापराच्या जागी डांबरगोळ्या वापरायचा मोहही नको, त्या गिळल्या तर काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नका, सरळ दवाखाना.

गोष्ट वाया घालवायची गरज नाही. कापराऐवजी ओला नॅपकिन काट्यावर ठेवा आणि दर अर्ध्या तासाने आकडा लिहा. मग स्टीलच्या पेल्यात बर्फ घालून बाहेरून पुसा आणि वाट बघा. पेल्याच्या बाहेरच्या अंगाला थेंब जमतात. नॅपकिनमधून हवेत गेलेलं पाणी म्हणजे हेच का? मुलं इथे तावातावाने वाद घालतात. घालू द्या.

पाचवी गोष्ट या पेटीचा जीव आहे. कोल्हापुरी चपलेसाठी कातडं कमावणाऱ्या कारागिराच्या अंगणात हिरडा आणि बाभळीची साल भिजत पडलेली आहे. कातडं त्यात राहतं आणि कुजायचं थांबतं. हिरड्या-बाभळीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट धरून बसतं, म्हणून. कोरा कडक चहा पिताना जीभ खरखरीत होते, ती याच टॅनिनने: ते थुंकीतल्या प्रथिनांना धरतं. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या हातांनी ही विद्या जपली त्या कारागिराला गोष्टीत नायक केलंय, शास्त्र जाणणारा माणूस म्हणून. मुलांच्या पुस्तकात असं फार कमी वेळा दिसतं.

मग गोष्टीत एक लोखंडी खिळा हिरड्याच्या पाण्यात पडतो आणि पाणी काळं होतं. शाई तयार. हे वळण वाटीत इतकं ठळक दिसतं की आमच्या कसोटीला ही गोष्ट पहिल्या नंबराने उतरते, फक्त खिळा बरोबर हवा. पेटीतले दोन खिळे चकचकीत पांढरे आहेत, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेले. त्यांनी काही होत नाही. घरातली स्टीलची तारेची घासणीही उपयोगाची नाही, ती गंजत नाही हीच तर तिची खुबी. हार्डवेअरच्या दुकानात साधे, काळपट लोखंडी खिळे मागा. उद्यमनगरातल्या कारखान्यांतून लेथवरचा लोखंडी भुगा आणायचं कुणी सुचवेल. तो धारदार असतो, तेलकटही, आणि मुलांच्या हातात देण्यासारखा मुळीच नाही.

कृती आमच्या मापांनी:

चार-पाच खिळे ५० मिली व्हिनेगरमध्ये काचेच्या बाटलीत घाला आणि पाच दिवस ठेवा. झाकण सैल ठेवायचं, कारण आत हायड्रोजनचे बुडबुडे निघत राहतात. बाटली गॅसच्या शेगडीपासून लांब. पाणी हळूहळू पिवळसर तांबूस होतं.

५ ग्रॅम हिरड्याची पूड १०० मिली पाण्यात दहा मिनिटं मंद आचेवर उकळा (मोठ्यांनी), निवल्यावर गाळा. चहासारखं तपकिरी पाणी मिळतं.

आता पांढऱ्या वाटीत हिरड्याचं पाणी आणि ड्रॉपरने लोखंडाचं पाणी, एकेक थेंब. पहिल्या थेंबाबरोबर धुरासारखी काळी रेघ खाली उतरते.

इथे थांबा. दुसरा थेंब मुलाने टाकायचा, पण टाकण्याआधी त्याने सांगायचं की काय होईल. कापसाच्या काडीने कागदावर नाव लिहायला द्या. ताजी अक्षरं राखाडी दिसतात, आणि तेव्हा ‘शाई फिकी झाली’ असं म्हणून बरेच जण आणखी लोखंड ओततात. ओतू नका. वाळताना हवेतल्या ऑक्सिजनमुळे लोखंडाचं रूप बदलतं आणि अर्ध्या-एक तासात तीच अक्षरं गडद होतात. सकाळी लिहिलेलं नाव शाळेतून आल्यावर जास्त काळं दिसतं, हे मुलाला स्वतःहून दिसू द्या. जुन्या काळी दस्तऐवज लिहायची शाई याच जातीची असे.

हिरड्याची पूड संपली तर कडक कोरा चहा चालतो, रंग थोडा कमी. आणि घरात लोखंडी विळी असेल तर आवळा चिरून दाखवा: पातं काळं पडतं, आवळ्याची फोडही. आजी-आई वर्षानुवर्षं जे बघत आल्या ते आणि बाटलीतली शाई एकच, हे मुलाने जोडलं की या पेटीचे पैसे फिटले.

ही शाई कपड्यावर पडली तर साबण लावू नका, डाग आणखी पक्का होतो. ताज्या डागावर लिंबाचा रस, पाच मिनिटं, मग भरपूर पाणी. लिंबातलं सायट्रिक आम्ल लोखंडाला ओढून घेतं. कागदावरच्या अक्षरांवर लिंबाचा थेंब टाकला तरी अक्षर पुसट होतं. मुलं हा शोध लवकरच लावतात आणि मग भावंडाचं नाव पुसायला लिंबू शोधत फिरतात.

सहावी तुरटीच्या स्फटिकांची. १०० मिली गरम पाण्यात १० ग्रॅम तुरटी असं माप दिलंय. गार झाल्यावरही एवढी तुरटी पाण्यात विरघळलेलीच राहते, मग स्फटिक येणार कुठून? २५ ते ३० ग्रॅम घ्या. पाणी जवळजवळ उकळतं हवं, विरघळून झालं की गाळून घ्या, आणि भांडं कुणाचा हात लागणार नाही अशा फळीवर ठेवा. दुसऱ्या दिवशी तळाशी जे खडे दिसतील त्यातला एक चांगला, टोकदार खडा निवडून पातळ नायलॉनच्या दोऱ्याला बांधा आणि उरलेल्या पाण्यात मधोमध लोंबकळत सोडा. सुती दोरा नको, त्याच्या तंतूंवर शेकडो बारके खडे चढतात आणि मोठा एकही होत नाही. गोष्ट छोटी आहे आणि फार काही सांगत नाही, पण आठवडाभर रोज सकाळी फळीकडे धावत जाणारं मूल बघायला मिळतं.

वाचायच्या पद्धतीबद्दल एकच सूचना. पुस्तिकेत प्रत्येक गोष्ट संपल्यावर ‘आता करून पाहा’ येतं. उलट करा. गोष्ट वळणाच्या एक वाक्य आधी थांबवा, हळद सोड्याच्या दारात उभी असताना, खिळा पाण्यावर लोंबत असताना. वाटीत काय झालं ते मुलाने सांगावं, आणि मगच पान उलटून आजीने काय सांगितलंय ते वाचावं. सगळं साहित्य आधी ताटात मांडून, मोजून ठेवलेलं हवं, त्या क्षणी मोजचमचा शोधायला उठलात की गोष्ट तुटते. एका बैठकीला एकच गोष्ट, पंचवीस मिनिटांच्या वर नाही, आणि एकावेळी तीनपेक्षा जास्त मुलं नकोत, कारण ड्रॉपर दोनच आहेत. तिसरा ड्रॉपर औषधाच्या दुकानात मिळतो, तो आधीच आणून ठेवा.

शाई उरली तर काचेच्या छोट्या बाटलीत भरा, दोन लवंगा टाका. लवंगेशिवाय आपल्याकडच्या दमट हवेत तिच्यावर लवकर बुरशीचा पांढरा तवंग येतो. बाटलीवर ‘शाई, प्यायची नाही’ अशी चिठ्ठी चिकटवा, आणि ती चिठ्ठी मुलाने त्याच शाईने लिहावी.